काल तर जमलं होतं

रत्नागिरी
५ ऑगस्ट २००७

अझीम,

वर 'प्रिय' लिहिलेलं नाही. लिहिलं असतं तर खोटं झालं असतं, आणि सध्या आपल्या घरात खोट्याचा साठा भरपूर आहे.

दोन वर्षं तू माझ्याशी, सख्ख्या थोरल्या बहिणीशी, बोलत नाहीस. कुवेतच्या पैशांतून बांधलेल्या आणि वर्षाचे अकरा महिने कुलपात पडलेल्या बंगल्यांवर मी भरसभेत बोलले. लोक हसले, आणि हसता हसता त्यांनी मान वळवून तुझ्याकडे पाहिलं. मी तुझं नाव घेतलं नव्हतं. ते भाषण मी आजही तसंच्या तसं करीन. तेव्हा तुझा राग तुझ्यापाशी राहू दे. हे पत्र तुझ्या मुलीसाठी आहे.

काल शाळेने मनालला परत पाठवलं. मुख्याध्यापकांनी पोरीची आई म्हणून नसीमाला आणि सोबत मला बोलावलं, चहा मागवला, बिस्किटांची बशी पुढे सरकवली आणि म्हणाले, "मुलगी गुणी आहे हो, मॅडम. पण प्रश्न विचारला की तिचं उत्तर येईपर्यंत तास संपतो. बाकीची पोरं हसतात. त्रास तिलाच होतो ना? काही महिने घरी ठेवा. सुधारणा दिसली की आम्ही आनंदाने घेऊ."

मी म्हटलं, "जी हसतात त्यांना घरी ठेवा की."

त्यावर तो गृहस्थ हसला! मी विनोद केला असं त्याला वाटलं. आणि "बिस्किट घ्या ना" म्हणाला. ती बशी मी परत त्याच्याकडे सरकवली. वीस वर्षं मी ज्युनियर कॉलेजात इतिहास शिकवते आहे. शिक्षणावर व्याख्यानं दिली आहेत, राजापूरपासून गुहागरपर्यंत. शिक्षणाचा धंदा करणारे बरेच पाहिले, पण पोर हळू बोलतं म्हणून त्याला दाराबाहेर काढून वर बिस्किट देणारा पहिल्यांदा पाहिला.

आणि त्याला तरी किती दोष द्यायचा? त्याला खरं माहीतच नाही. तू सगळ्यांना सांगितलंस, 'डोळ्याचं ऑपरेशन झालं.' मेंदूतली गाठ म्हटलं तर उद्या मुलीचं लग्न कसं होणार, ही तुझी चिंता. मुलगी नऊ वर्षांची! तिच्या डोक्याच्या मागच्या भागातून लिंबाएवढी गाठ काढली, मग किरणांचा उपचार झाला, केस गेले आणि परत आले. ती जगली. एवढी मोठी लढाई जिंकलेल्या पोरीवर तू चादर टाकून ठेवलीस.

गाठ गेली, पण किरणांनी मागे काही ठेवलं. आता ऐकलेलं डोक्यात धरून ठेवायला तिला जड जातं. 'खालून वाटी आण आणि येताना दार लाव' म्हटलं की वाटी येते, दार उघडं राहतं. मुंबईच्या रुग्णालयात ज्ञानेश्वरी नावाची मानसतज्ज्ञ आहे. अशा मुलांसाठी तिथे एक नवा प्रयोग चालू आहे. एक सीडी देतात. घरच्या कॉम्प्युटरवर मुलाने रोज अर्धा तास बसायचं. पडद्यावर चौकोन असतात, त्यांत दिवे लागतात, ज्या क्रमाने लागले त्याच क्रमाने बोट दाबायचं. बरोबर आलं की पुढच्या वेळी एक दिवा वाढतो, चुकलं की एक कमी होतो. म्हणजे पोराला जेवढं झेपतं त्याच्या किंचित पुढे ते यंत्र त्याला सतत उभं ठेवतं. सगळा फायदा त्या 'किंचित पुढे'मध्ये आहे, असं ती म्हणाली. आणि एक नियम सांगितला: कोणीही मदत करायची नाही. आईने नाही, आजीने नाही, कोणीच नाही.

कॉम्प्युटर घ्यायचा आहे. नसीमा तुला फोनवर विचारेल. निदान तिला 'हो' म्हण.

कौसर


२२ सप्टेंबर २००७

अझीम,

कॉम्प्युटर आला. मोठा पडदा घेतलास आणि भारनियमनाचा त्रास नको म्हणून इन्व्हर्टरही पाठवलास. त्याबद्दल आभार मानते. मानायला जड जात नाही.

मनाल पुढे जाते आहे. सुरुवातीला तीन दिव्यांवर अडायची, आता सातांवर आहे. ज्ञानेश्वरी दर शनिवारी फोन करते, आकडे ऐकून तीही चकित होते. खरं सांगते, मीही चकित आहे. परवा मालगुंडच्या महिला मेळाव्यात मी मनालचं उदाहरण दिलं. नाव न घेता. 'ज्या पोरीला शाळेने नाकारलं ती आज सात पायऱ्या चढून गेली आहे!' सभागृहात टाळ्यांचा नुसता पाऊस पडला.

पण जुम्याचा, दर शुक्रवारचा, तुझा फोन मला आवडत नाही. मी वरच्या खोलीत असले तरी खाली तुझा आवाज घुमतो. इथे नसीमा फोन स्पीकरवर लावते, तिकडे तूही लावतोस आणि कुवेतच्या तुझ्या खोलीतले सगळे पुरुष ऐकतात. "किती झाले?" "सात." मग तिकडे आरडाओरडा, शिट्ट्या, कोणीतरी म्हणतो, "अझीमभाई, पेढे!" मुलगी म्हणजे क्रिकेटची मॅच आहे? दोन वर्षं तू नसीमाला फोनवर पैशांपलीकडे काही विचारलं नाहीस, आणि आता आकडा विचारतोस. 'मनाल कशी आहे' हा प्रश्न अजूनही आलेला नाही.

आपली अम्मा तर तुझ्यावर ताण. आपल्याकडे पोराचा कुराणाचा एक सिपारा पुरा झाला की मोहल्ल्यात गोड वाटतात. अम्माने तोच रिवाज या कॉम्प्युटरला लावला आहे. एक दिवा वाढला की तांदळाची गोड सांदणं! रोजे चालू आहेत, त्यामुळे इफ्तारीच्या वेळी ताटं घरोघर जातात. शेजारणी विचारतात, "आता पुढचं कधी, चाची?" आणि अम्मा छाती काढून सांगते, "येत्या जुम्याला, इन्शाअल्ला." जणू सांदणं वाफवली की पोरीचा मेंदूही त्याच पातेल्यात वाफवून निघणार आहे.

आणखी एक गोष्ट. गेल्या आठवड्यापासून मनाल कॉम्प्युटरच्या खुर्चीकडे बघून उलटी करते. डोकं दुखतं म्हणते. गाठ होती तेव्हा सुरुवात अशीच झाली होती. नसीमाचा चेहरा पांढरा पडला आहे. ईद झाली की तिला मुंबईला नेतो आहोत.

कौसर


२१ ऑक्टोबर २००७

अझीम,

गाठ परत आलेली नाही. डोकं स्वच्छ आहे. हे पहिलं वाक्य नसीमाने तुला फोनवर सांगितलंच आहे. त्याच्या पुढचं तिने सांगितलं नसणार, ते मी सांगते. बसून वाच.

तपासणी झाल्यावर ज्ञानेश्वरीने मनालच्या चाचण्या घेतल्या. मग आम्हाला आत बोलावून म्हणाली, "घरच्या आकड्यांप्रमाणे ही नऊ दिव्यांवर आहे. माझ्यासमोर तिला चार जमत नाहीत." आणि तिने विचारलं, "घरी खेळतं कोण?"

माझं डोकं फिरलं. त्या पोरीला, हो, तिशीचीही नसेल, मी तिथल्या तिथे फैलावर घेतलं. आमच्या घरावर चोरीचा आळ घेता? रत्नागिरीहून पोर प्रवास करून आलंय, ते थकलेलं दिसत नाही तुम्हाला? बाहेरच्या बाकांवरची माणसं उठून दारात आली, एवढा माझा आवाज चढला होता. आणि नसीमा फरशीकडे बघत होती. मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण बोलायला लागले की मला दुसऱ्याचा चेहरा दिसत नाही.

परवा खरी गोष्टच समोर आली. कॉलेजात विद्यार्थ्यांचा संप होता, दुपारीच घरी आले. हॉलमध्ये कॉम्प्युटरसमोर नसीमाचा भाऊ रय्यान बसला होता. त्याचं मोबाइलचं दुकान दुपारी बंद असतं. बाजूला अम्मा, मांडीवर तसबीहची माळ. मागे नसीमा उभी. मनाल खिडकीत बसून फणसपोळी चघळत होती.

मला बघून रय्यान म्हणाला, "आलात, बुबू? दोन मिनिटं थांबा हां, एवढी लेव्हल मारतो."

"तू मारतोस?"

"नऊ दिवे म्हणजे खायचं काम नाही, बुबू. माझं पण डोकं फिरतं."

अम्मा म्हणाली, "अगो, ओरडू नकोस. पोरीचाच हात धरून केलं काय नि मामूने केलं काय. घरातलंच आहे ना?"

मी काय काय बोलले ते लिहीत नाही. शेजारी ऐकत होते, तू त्यांना विचार. शेवटी नसीमा बोलली. ती कधी बोलत नाही, म्हणून तिचं प्रत्येक अक्षर मला आठवतं.

"बुबू, पहिल्या जुम्याला मी खरं सांगितलं. तीन. ते म्हणाले, 'एवढा पैसा घालून तीन?' आणि फोन ठेवला. दुसऱ्या जुम्याला रय्यानने एकदा हात लावला, पाच झाले. त्या दिवशी ते हसले. मला म्हणाले, 'तू जेवलीस काय?' लग्नाला अकरा वर्षं झाली, मला कोणी विचारलं नव्हतं. आणि तुम्ही मला चोर म्हणता? मालगुंडला टाळ्या कोणाला पडल्या?"

माझ्या भाषणातून ते उदाहरण मी काढून टाकलं आहे.

पण खरी किळस याची नाही, अझीम. पुढे वाच. मध्ये मध्ये ते मनाललाही बसवत, नियम पाळल्यासारखं वाटावं म्हणून. यंत्र तिला रय्यानच्या पायरीवर उभं करायचं. नऊ दिवे! ती चुकायची. पुन्हा चुकायची. आणि तिघंही म्हणायची, "असं काय गो? काल तर जमलं होतं!"

त्या रात्री ती माझ्याजवळ झोपली. बराच वेळ छताकडे बघत होती. मग म्हणाली, "फुफी, काल मी नऊ केले ना?"

मी विचारलं, "तुला काय वाटतं?"

"मला आठवत नाही. सगळे सांगतात, केले. मी विसरले." मग म्हणाली, "मी सगळंच विसरते ना?"

कळलं? जिची आठवणच दुबळी झाली आहे, त्या पोरीच्या डोक्यात आपण न घडलेला काल भरला. तिला वाटलं, जमत होतं ते गेलं. उलट्या त्याच्या होत्या. गाठीने जे केलं नाही ते आपण केलं, सांदणं वाटून केलं! मला या घराची किळस आली. इतिहास शिकवताना मी मुलांना सांगते की राजे लोक न जिंकलेल्या लढाया शिलालेखांवर कोरून घेत. आता वर्गात ते वाक्य उच्चारवत नाही.

दुसऱ्या दिवशी मी मनालला समोर बसवून सांगितलं, "ते नऊ मामूने केले. तू नाही. तू काही विसरलेली नाहीस." ती ऐकत राहिली, राहिली, आणि मग हसली. आठवड्यात पहिल्यांदा. तुला माहीत आहे, आपण हरलो हे ऐकून इतकं सुटल्यासारखं हसणारं माणूस मी पाहिलं नव्हतं.

ज्ञानेश्वरीला मी फोन केला. माफी मागितली. ती म्हणाली, प्रयोगातून मनालचं नाव आता काढावं लागेल, पण सीडी तुमच्याकडेच ठेवा आणि पहिल्यापासून सुरू करा. पुन्हा एकदा नियम सांगितला. मी म्हटलं, या वेळी खुर्चीच्या मागे मी उभी राहीन, पाठ फिरवून.

कौसर


९ डिसेंबर २००७

अझीम,

काल तू फोन केलास. मला. दोन वर्षांनी. फोन घ्यायला मी जिना धावत उतरले, हे लिहायला लाज वाटत नाही.

मी म्हटलं, "मला फोनवर बोलावलंस. म्हणजे आम्ही अजून तुझ्या यादीत आहोत."

"टोमणे नकोत, बुबू. मी बकरी ईदला येतोय. आमच्या मंडळाने मनालचा सत्कार ठेवलाय. हॉल बुक झाला. स्टेजवर ती खेळून दाखवील, पडद्यावर सगळ्यांना दिसेल. भाषण तुझं."

मी तुला सांगितलं, पत्रात सगळं लिहिलं आहे. तू म्हणालास, पत्र मिळालं. मी विचारलं, मग? तू म्हणालास, "मग काय? कार्ड छापून झाली. तेवढा दिवस रय्यानची लेव्हल लावा. नंतर शिकवा तुम्हाला काय शिकवायचं ते."

मी फोन आपटला. तू परत केला नाहीस.

आता लेखी सांगते. मनाल आज चार दिव्यांवर आहे. स्वतःच्या. चारही नेहमी जमत नाहीत, कधी तीनवर येते. तिच्या एका उत्तराला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात अम्मा दुरूदची प्रार्थना पढून मोकळी होते. पण उलट्या थांबल्या आहेत. आणि परवा मी तिला म्हटलं, खालून कोथिंबीर आण आणि येताना दार लाव. कोथिंबीर आली. जिन्यात अर्ध्यावर ती थांबली, मागे वळली आणि दार लावून आली. तुझ्या खोलीत त्यावर शिट्ट्या वाजणार नाहीत. मी मात्र चुलीजवळ उभी राहून रडले.

रय्यानची लेव्हल मी त्याच्याच हातून पुसून टाकली आहे. तेव्हा सत्कार करायचा तर या मुलीचा कर. दुसरी मुलगी आमच्याकडे नाही.

कौसर


३० डिसेंबर २००७

अझीम,

तू राजापूरला मित्राकडे आहेस असं रय्यान म्हणाला. हे पत्र त्याच्या हाती देते आहे. सत्काराच्या दिवशी तू मध्येच उठून गेलास, म्हणून पुढचं सांगते.

तू होतास तिथपर्यंत तुला ठाऊकच आहे. तुझ्या मंडळाने लावलेला तो फलक, 'जिद्दीची कन्या', त्यावर मनालपेक्षा मोठा तुझा फोटो. पाहुण्यांची खुर्ची, शाल, नारळ. चार दिवे लागले. तू मागून तिच्या खांद्यावर बोट टेकवून दिशा दाखवलीस आणि ती माइकमध्ये म्हणाली, "अब्बा, हात काढा. मला करायचंय." सगळा हॉल हसला. त्यांना ते गोड वाटलं. तुला लागलं. मग ती चुकली, पडद्यावर चाराचे तीन झाले, आणि तू मागच्या दाराने गेलास.

लोक चुळबुळायला लागले. कोणीतरी विचारलं, "कॉम्प्युटर लटकला काय?" दुसरा म्हणाला, "पोरगीच लटकली." आणि मागे खसखस पिकली. त्या हसण्याची शिसारी माझ्या अंगावर अजून आहे. तिथे बसलेल्या निम्म्या लोकांना मी ओळखते, त्यांच्या मुलांना शिकवलं आहे. सूत्रसंचालकाने घाईघाईने माइक घेतला आणि माझं नाव पुकारलं. भाषण माझ्याजवळ तयार होतं, अझीम. त्या हॉलची सालटी काढणारं होतं. मी माइकपाशी गेले, लोकांकडे पाहिलं आणि एवढंच म्हटलं, "मनालचं अजून व्हायचं आहे. तिचं झालं की बघू." आणि तिथेच उभी राहिले.

काही उठून गेले. पाहुण्यांनी दोनदा घड्याळ पाहिलं. उरलेले हळूहळू गप्प झाले. मनालला याचं काही नव्हतं. ती पडद्याकडे बघत होती. पहिला चौकोन दाबला. दुसरा. मग थांबली, इतकी थांबली की नसीमाने पदर तोंडात धरला. आणि तिसरा दाबला. बरोबर. यंत्राने घंटी वाजवली.

टाळ्या आल्या, पण तुरळक. पाहुण्यांनी तिच्या अंगावर शाल घातली, तिने "उकडतं" म्हणून काढून त्यांच्याच हातात दिली.

मुख्याध्यापक पहिल्या रांगेत होते. चपला घालताना मला म्हणाले, "सुधारणा काही फारशी दिसली नाही हो, मॅडम." मी त्यांना मेंदूतली गाठ, ऑपरेशन, किरणं, सगळं सांगितलं, मोठ्याने, चार माणसांत. डोळ्याचं ऑपरेशन संपलं. मग म्हटलं, "जानेवारीत ती वर्गात येणार. पटावरून नाव काढायचं असेल तर कारण लिहून द्या. मी ते रत्नागिरीच्या प्रत्येक सभेत वाचून दाखवीन." ते म्हणाले, "तसं कुठे म्हणालो मी?" मला त्यांचं मन बदलायचं नाही. बाक हवा आहे. बाक मिळाला.

आता तुझ्यापाशी येते. काल सकाळी तू कपडे न्यायला आलास. मनाल नाश्त्याला बसली होती. तुला बघून ती म्हणाली, "अब्बा." तू बूट घालत होतास. "अब्बा, काल..." तू म्हणालास, "बोल गो लवकर, गाडी उभी आहे." तिने डोळे छताकडे नेले. बाहेर हॉर्न वाजला. तू तिच्या डोक्यावर हात ठेवलास आणि गेलास.

तिचं वाक्य नंतर पुरं झालं. तू गल्लीच्या तोंडाशी होतास. ती दाराकडे बघून बोलली, पुरं, एकही शब्द न चुकता. मी ऐकलं. नसीमानेही ऐकलं.

अम्मा म्हणते, तूच लिहून पाठव त्याला, पोर काय म्हणाली ते, म्हणजे येईल तो. नसीमाही रात्रीपासून मागे लागली आहे. मी लिहिणार नाही. मनालच्या वतीने या घरातल्या सगळ्यांची उत्तरं देऊन झाली आहेत.

तुझं विमान तीन तारखेला आहे. त्याआधी ये. बूट काढून बस. ती पहिल्यापासून सुरुवात करील. मध्ये थांबेल. तुला वाटेल, विसरली. एखादा शब्द तुझ्या जिभेवर येईल आणि तो तिला द्यावासा वाटेल. देऊ नकोस. तिला तो सापडतो.

कौसर